वगळलेली वस्ती

माळेवाडी, ता. वडवणी
२४ सप्टेंबर २०१८

अंजने,

फोन लावता आला असता, पण तुला ठाऊक हाय, ताप डोक्यात गेला तवापासून माझे कान गेले; समोरच्याचं ओठांवरनं न्हाईतर लिहून दिलं तर कळतं, फोनवर नुसती घरघर. आन तुझ्या मामीला बोलायला दिलं की निम्मं ती स्वतःचं घालती. म्हणून लिहितो.

पाऊस गेला. पोळ्याच्या आधी एक सर आली ती शेवटची. सोयाबीन गुडघ्याच्या खालीच वाळलं. माणसांचं कसंबी भागंल, जनावरांचे आठ-नऊ महिने काढायचे कसे, हे कुणालाच सांगता येईना. जिल्ह्याच्या चारा संघाचं पत्र आलंय. प्रत्येक पशुपालक संस्थेनं घरवार जनावरांची यादी दहा ऑक्टोबरच्या आत मेलवर पाठवायची. एकच फाइल, पाच एमबीच्या आत. यादीत असंल त्यालाच चारा.

आपली यादी तू सोळा साली करून दिलेल्या प्रोग्रामात हाय. गाव, तीन वाड्या आन माळावरची मेंढपाळांची वस्ती, अशी पाच फोल्डरं. रामहरीनं ती लई निगुतीनं ठेवलीत. रामहरी म्हणजे भिवराबाईचा, तू ज्याला तवा दोन महिने शिकवलंस तो. बापाबरोबर दहाव्या वर्षापासून उसाच्या फडात होता, आता चाळिशीला आला; आपल्या संस्थेनं त्याला त्या खुर्चीवर बसवलं तवाच त्याचा कोयता सुटला. गाय व्याली, बैल विकला, की त्याच दिवशी नोंद करतो. सचिव मी असलो तरी खरं काम त्याचं.

पण त्यानं आख्खं फोल्डर पाठवायला घेतलं तर चारशे एमबी निघालं. मेल काही चढंना. तो म्हणतो, गिटमधनं नुसत्या आजच्या फाइली बारीक करून काढायची काहीतरी रीत हाय, ताईला इचारा. तर काय ते लिहून पाठव.

तुझा,
शहादेव मामा


पुणे
२९ सप्टेंबर २०१८

मामा,

पत्र काल मिळालं. ऑफिसातून आल्यावर उत्तर लिहायला बसले आणि तशीच झोपले, म्हणून आज.

रामहरी बरोबर म्हणतो. गिट म्हणजे बदलांची वही. सोळा सालापासून तुमच्या यादीत कुणी, कधी, काय बदललं ते सगळं त्यात साठलेलं असतं. जुने फोटोसुद्धा. म्हणून ते फोल्डर एवढं फुगलं आहे. संघाला ती वही नको, आज यादी जशी आहे तशी हवी. त्यासाठी ‘गिट अर्काइव्ह’ नावाची कमांड आहे. ती वहीला हात लावत नाही. आजच्या फाइली तेवढ्या उचलते आणि दाबून त्यांची एक झिप फाइल करून देते. दोन एमबीसुद्धा होणार नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर एक ओळ लिहिली आहे. रामहरीला म्हणावं, जशीच्या तशी टाइप कर, एक टिंबही बदलू नकोस. झिप तयार झाली की तीच मेलला जोडायची. मिनिटभराचं काम आहे.

दिवाळीला येणं जमेल असं वाटत नाही. इथे एक काम संपायच्या आत दुसरं डोक्यावर येतं. मामीला सांगा, रागावू नका.

अंजना


माळेवाडी
२१ नोव्हेंबर २०१८

अंजने,

तुझ्या चिठ्ठीपरमाणं आठ ऑक्टोबरला फाइल गेली. संघाची पोचही आली. आमी निर्धास्त झालो.

परवा चाऱ्याचा पहिला ट्रक आला. मक्याचा हिरवा चारा, वर कडब्याच्या पेंढ्या. गाडीबरोबर छापील यादी. गाव झालं, तीन वाड्या झाल्या. माळावरची सगळी माणसं सकाळपासून संस्थेच्या ओट्याखाली बसली होती. त्यांच्यातला सटवा पुढं आला, मी पानं उलटली, परत उलटली. वस्तीच न्हाई. सदतीस घरं, अकराशेच्या वर मेंढरं, एक नाव न्हाई. सटवाची बायको रतनबाई माझ्या हाताकडं बघत होती. ट्रकवाला म्हणला, माझ्याकडं कागद हाय तेवढंच मी उतरवणार.

मी दुसऱ्या दिवशी बीडला संघात गेलतो. ते म्हणले, तुमी पाठवलं तेच छापलं, दुरुस्ती आता फेब्रुवारीच्या फेरीत. मग वडवणीला येऊन कॅफेवाल्याकडनं आपली पाठवलेली फाइल उघडून घेतली. चार फोल्डरं. इथं संस्थेच्या कम्प्युटरवर बघावं तर पाच, वस्ती जिथल्या तिथं.

म्हंजी इथं हाय आन गठ्ठ्यात न्हाई. गठ्ठा बांधला रामहरीनं. दुसरं कुणी त्या खोलीत नव्हतं. आन श्रावणात सटवाची मेंढरं रामहरीच्या उडदात शिरली होती, त्यावरून दोघांची हातघाई झालती, हे सगळ्या गावाला ठाऊक. तो म्हणतो, मी ताईनं दिली ती ओळ मारली, दुसरं काही केलं न्हाई.

तू एवढंच सांग, ती ओळ मारल्यावर एखादं फोल्डर आपोआप गळतं का? तीस तारखेला, शुक्रवारी मीटिंग हाय. तुझ्या शब्दावर ठरंल.

मामा


पुणे
२४ नोव्हेंबर २०१८

मामा,

पत्र कुरिअरने पाठवते आहे, मीटिंगच्या आत पोचावं म्हणून.

नाही. त्या कमांडने फोल्डर गळत नाही. नोंदवलेलं सगळं त्यात येतंच. हे मी रोज वापरते, त्यामुळे खात्रीने सांगते. मी दिलेली ओळच टाइप केली असेल तर वस्ती गठ्ठ्यात असायलाच हवी. नसेल, तर त्याने फाइली हाताने निवडून झिप केली असणार. का केली ते मला सांगता येणार नाही.

मला वाईट वाटतं आहे. तो असं करेल असं वाटलं नव्हतं.

अंजना


माळेवाडी
५ डिसेंबर २०१८

अंजने,

मीटिंग झाली. संस्थेच्या ओट्यावरच, सगळं गाव आन वस्ती समोर. चेअरमन आप्पा म्हणले, सचिवांनीच काय ते बोलावं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मग मी रामहरीला लई बोललो. मुक्या जनावरांच्या तोंडचा घास काढलास म्हणलं. मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई, त्यामुळं मी किती वरडतोय ते कळत न्हाई. मामी नंतर म्हणली, देवळापतूर ऐकू जात होतं.

तो उभा होता. काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. मग थांबला आन चाव्या ओट्यावर ठेवून गेला.

सटवा त्याच्या अंगावर धावला न्हाई, मला वाटलं होतं धावंल. तो नुसता वस्तीकडं चालत गेला.

आता एक काम कर. आप्पा म्हणतात, संघाला दाखवायला पुरावा पायजे. ती बदलांची वही तू म्हणतीस ना, ती आख्खी पेन ड्राइव्हवर घालून पाठवतोय. हायस्कूलच्या मास्तरांनी कॉपी करून दिली. त्यात त्यानं कवा काय काढलं ते सापडंल ना? तारखेसकट लिहून पाठव.

मामा


पुणे
१४ डिसेंबर २०१८

मामा,

पेन ड्राइव्ह मिळाला. अजून नीट बघितलेलं नाही. ऑफिसात या महिन्यात फार काम आहे. बघून कळवते.

तोपर्यंत कुणाला काही बोलू नका. रामहरीलाही.

अंजना


माळेवाडी
२ जानेवारी २०१९

अंजने,

तुझं काहीच आलं न्हाई. बरी हायेस ना?

इकडचं सांगतो. रामहरी परत ऊसतोडीला गेला. त्याच्या वाडीतली टोळी दिवाळी झाली तवाच गेलती, पण एक जोडी माघारी आली होती, तिच्या जागी हा आन छबू, दोघं नवरा-बायको गेले. जाताना माझ्या दारावरनंच गाडी गेली. मी बाहीर होतो. त्यानं बघितलं आन मान खाली घातली. का खाली घातली ते मला कळलं न्हाई. केल्याची लाज, का आणखी काही.

सटवानं तीस-चाळीस मेंढरं बाजारात दिली, बाकीची घेऊन त्याच्यासकट आठ घरं नदीच्या अंगानं खाली गेली. रतनबाई म्हातारीपायी माघारी राहिली. काल कळलं, कडा गावाच्या अलीकडं त्यांची साठेक मेंढरं बसली ती उठलीच न्हाईत. काही जण म्हणतात कोवळी ज्वारी खाऊन इख चढलं. उपाशी जनावर समोर येईल ते खातंच.

खुर्ची रिकामी हाय. नोंदी मी कागदावर करतोय. बोटं चालत न्हाईत कम्प्युटरवर.

तू बघितलंस का?

मामा


पुणे
९ जानेवारी २०१९

मामा,

मी बघितलं. पेन ड्राइव्ह आला त्याच दिवशी बघितलं. तुम्हाला १४ तारखेला लिहिलं ते खोटं होतं.

तुम्ही म्हणालात तसं रामहरीने काय काढलं ते शोधायला बसले. वहीत तसं काहीच सापडेना. मग म्हटलं, चिठ्ठीवरची तीच ओळ आपणच टाइप करून बघू. केली. झिप उघडली. चार फोल्डरं. वस्ती नाही. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, पुन्हा केली. सहा-सात वेळा केली असेल. दर वेळी चारच.

मग सापडलं. त्या यादीच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक बारकी फाइल आहे. ती सहसा कुणी उघडत नाही. तिच्यात एकच ओळ आहे. अर्थ असा, की गठ्ठा बांधताना वस्तीचं फोल्डर वगळ. गिट ती ओळ मुकाट्याने पाळतं. वगळलं म्हणून सांगतसुद्धा नाही. कम्प्युटरवर वस्ती दिसते, गठ्ठ्यात येत नाही.

ती ओळ माझी आहे. वहीत तारीख आहे, ११ मे २०१६, पुढे माझं नाव. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा वस्तीवरचे सगळे मेंढरं घेऊन बाहेर गेले होते. प्रोग्राम चालतो का ते बघायला मी त्यांच्या जागी खोटी नावं भरली होती. ती चुकून कुठे जाऊ नयेत म्हणून ती ओळ घातली. पावसाळ्यात वस्ती परत आली, रामहरीने माळावर जाऊन खरी नावं भरली. एकेका घराची नोंद त्याच्या नावाने आहे, नऊ दिवस लागले त्याला. मी तोवर पुण्याला आले होते. ओळ काढायची राहिली, मग विसरले.

मामा, मी तुम्हाला लिहिलं होतं की खात्रीने सांगते. मी तेव्हा काहीच तपासलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं, ते न करता मी एका माणसाबद्दल असं लिहिलं, आणि ते तुम्ही ओट्यावर वाचलंत.

महिनाभर गप्प का राहिले याला कारण नाही. चार वेळा रामहरीचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. मला वाटत होतं फेब्रुवारीत दुरुस्ती होईल, सगळं आपोआप मिटेल. तुमचं २ तारखेचं पत्र आलं तेव्हा कळलं की काही मिटत नाही.

नवी ओळ आणि नवी झिप दोन्ही पाठवते आहे. यावेळी उघडून मोजली आहे. पाच फोल्डरं, वस्तीची सदतीस घरं. तुम्हीही मोजा. हे पत्र ओट्यावर वाचा. माझं नाव घेऊन वाचा.

अंजना


माळेवाडी
४ फेब्रुवारी २०१९

अंजने,

तुझं पत्र बारा तारखेलाच मिळालं होतं. मी ते नऊ दिवस कोपरीच्या खिशात ठेवलं. झिप मोजून संघाला लगेच पाठवली, पण पत्र वाचलं न्हाई कुणाला. आप्पांना एकट्याला सांगितलं. ते म्हणले, वस्तीचं नाव येतंय ना यादीत, मग झालं, भाचीचं नाव कशाला चव्हाट्यावर आणता. मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. तुझ्यापायी म्हणून न्हाई, मीच त्याला बोललो होतो म्हणून.

मग एक दिवस भिवराबाई, रामहरीची आई, म्हशीच्या वाट्याच्या पेंढ्या न्यायला रांगेत आली. पुढच्या बायकांनी पदर सावरून तिच्यापासनं अंतर धरलं. काय बोलल्या मला ऐकू आलं न्हाई, पण तिला आलं. तिनं पेंढ्या घेतल्याच न्हाईत. तशीच माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं निघालो. बीड, तिथनं कडा, कड्याहून पुढं नगरकडं, मग टमटमनं कारखान्याचा अड्डा. पाचटाच्या कोप्यांची, तोडकऱ्यांच्या झोपड्यांची रांग. रामहरी फडावर ट्रक भरत होता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं चढताना दिसला. माझ्याकडं बघून थांबला न्हाई. गाडी भरून झाल्यावर आला.

मी वही आन पेन पुढं केलं. म्हणलं, त्या दिवशी तू बोलत होतास ते मला ऐकू आलं न्हाई. आता लिही. त्यानं हात धुतले, पुसले, आन लिहिलं. तो कागद मी फाडून घेतलाय. लिहिलंय, ‘मी म्हणत होतो, वस्तीवरचं एकेक घर मीच लिहून आणलंय. मी कावून काढीन?’

मग मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं दोनदा वाचलं. छबूला वाचून दाखवलं. ती मला काहीतरी बोलली, तोंड फिरवून बोलली, त्यामुळं ओठही दिसले न्हाईत. मी रामहरीला म्हणलं, चल माघारी. त्यानं वहीत लिहिलं, ‘मुकादमाला शब्द दिलाय. हंगाम संपून पट्टा पडल्याबिगर येता येत न्हाई. तुमी जिथं बोललात तिथंच हे सांगा.’

सांगितलं. शुक्रवारी, त्याच ओट्यावर. आधी तुझं पत्र वाचलं, मग माझं काय चुकलं ते बोललो. वरडलो असंन का हळू बोललो असंन, ठाऊक न्हाई. काही लोक मधनंच उठून गेले. भिवराबाई शेवटपतूर बसली होती.

काल चारा आला. वस्तीचं नाव पहिल्या पानावर. रतनबाई आली, तिच्या दारात आता तीन शेरडं उरलीत. मामीनं ती काय बोलली ते मला लिहून दिलं. ‘भाऊ, नाव आलं हो. मेंढरं कुठून आणू?’ मी तिच्या डोक्यावर पेंढ्या दिल्या.

सचिवपद सोडतोय. मार्चपतूर राहा म्हणतात, तोवर राहीन. पाणी आता चौथ्या दिवशी टँकरनं येतं. थकलो बघ.

तुझ्यावर राग हाय का म्हणून इचारशील. हाय. पण लिहीत जा.

मामा


माळेवाडी
१७ एप्रिल २०१९

ताई,

तुमचा नंबर माझ्याकडं हाय. पण फोनवर तुमी रडाल आन मी बरं बरं म्हणून ठिवून देईन. म्हणून लिहितो.

पट्टा पडला, आमी मागल्या आठवड्यात आलो. तुमची दोन पत्रं आईजवळ होती, ती वाचली. माफी मागितलीत ते वाचलं. ते सध्या तसंच ठिवतो.

फडात रोज एकच इचार यायचा. मी खोटं केलं न्हाई हे मला ठाऊक होतं, पण झिपमधी वस्ती न्हाई हेबी खरं होतं. कधी कधी वाटायचं, माझ्याच हातनं काही झालं असंल, झोपेत केल्यावाणी. छबू म्हणायची, तुमी केलं असंल तर मला तरी सांगा. बायकोनं असं म्हणावं, ह्याचा मला सगळ्यात जास्त तरास झाला. उसाचा न्हाई झाला तेवढा.

आप्पा घरी आलते. परत बसा म्हणले. मी लगीच हो म्हणलं न्हाई. आधी माळावर गेलो. सटवा परवा माघारी आलाय, अकराशेतली पावणेचारशे मेंढरं उरलीत सगळ्या वस्तीची. आमी दोघं त्याच्या कोपीपुढं बसलो. उडदाचं बोलणं निघालं न्हाई. त्यानं एकेका घराची उरलेली जनावरं सांगितली, मी लिहून घेतली. पाच घरांपुढं काहीच न्हाई. तिथं नाव ठिवायचं का काढायचं, ते मी त्याला इचारलं. तो म्हणला, ठिव, पुढं घेतील. मी ठिवलीत.

कालपासनं बसतोय. बोटं ताठ झालीत, एका वेळी दोन अक्षरं दाबली जातात. तरी सगळ्या नोंदी घातल्या. झिप केली, उघडली, एकेक घर मोजलं. सदतीस. मामाबी शेजारी बसून मोजत होते.

पण ताई, एक सांगतो. तुमी मला ओळ दिली, मी ती मारली. तीन वर्सं मी अशाच ओळी मारत आलो. ती ओळ काय करती, कुठलं ऐकती, कुठं काय दडलेलं असतं, मला कुणी सांगितलं न्हाई आन मीबी इचारलं न्हाई. ओट्यावर उभा होतो तवा मला एवढंच म्हणता आलं, की मी न्हाई केलं. कावून झालं ते सांगता आलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं. मामांना ऐकू आलं नसतं, पण बाकीच्यांनी ऐकलं असतं.

म्हणून मी आप्पांना सांगितलंय, मला पहिल्यापासनं शिकवलं तरच बसंन. टिंबवाल्या फाइलींसकट. तुमी सोडून इथं कुणाला येत न्हाई. पत्रात शिकवून होणार न्हाई. आठ दिवस सुट्टी काढून या.

वडवणीच्या फाट्यावर मी गाडी घेऊन येईन. मामा म्हणले त्यांच्याकडंच उतरा. छबूनं एक दिवस आमच्याकडं जेवायला सांगितलंय, तिनं आपण होऊन सांगितलं, मी म्हणलं न्हाई. वाटलं तर सटवाकडंबी जाऊ, त्यानं तुमाला कवा बघितलेलं न्हाई.

लाइट सध्या सकाळी सहा ते दुपारी बारा असती. सकाळीच बसावं लागंल.

रामहरी